मॉड मार्थाचा पत्ता

‘मॉड मार्था’ ही ग्वेंडोलिन ब्रुक्स यांची पहिली कादंबरी, आणि शेवटचीही. १९५३ साली न्यूयॉर्कच्या हार्पर प्रकाशनाने ती काढली, तेव्हा त्रोटक परीक्षणांपलीकडे तिच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत चित्र पालटलं आहे. आता तिच्याविषयीचं कौतुक वाचायला घ्यावं तर तीन विशेषणं हमखास भेटतात: काव्यात्म, साध्यासुध्या माणसांची, पुन्हा गवसलेली. यातलं एकही खोटं नाही. पण तिघांनी मिळून या पुस्तकाचा पत्ता पुसून टाकला आहे, अशी माझी तक्रार आहे. ‘काव्यात्म’ म्हटलं की वाचक शब्दांच्या नादाकडे वळतो, ‘साधीसुधी माणसं’ म्हटलं की ती माणसं कुठलीही असू शकतात, आणि ‘गवसलेली’ म्हटलं की सगळं श्रेय शोधणाऱ्याला जातं. ‘मॉड मार्था’ मात्र एका ठरावीक शहराच्या ठरावीक भागात, ठरावीक तऱ्हेने कापून काढलेल्या खोल्यांमध्ये घडते. शिकागोच्या दक्षिणेकडची ब्रॉन्झव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती, करड्या दगडाची जुनी इमारत, तिसरा मजला, दोन लहान खोल्या, शेजाऱ्यांशी वाटून घेतलेलं न्हाणीघर. या पत्त्यावाचून तिची काव्यात्मता नीट कळत नाही. उलट पत्ता हाती असला तर त्या वस्तीच्या इतिहासात इतर कुठल्याही कागदाने न नोंदवलेली बाजू या सव्वाशे-दीडशे पानांत सापडते.

ब्रुक्स यांचा जन्म १९१७ चा, कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावचा. पण काही आठवड्यांच्या असतानाच त्या शिकागोला आल्या आणि २००० साली वारल्या त्याही तिथेच. वडील एका संगीत प्रकाशन कंपनीत झाडलोटीच्या आणि देखभालीच्या कामावर होते, आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. १९३९ साली हेन्री ब्लेकली यांच्याशी लग्न झाल्यावर या जोडप्याने बरीच वर्षं अशाच कापून काढलेल्या खोल्यांत काढली. १९४५ चा ‘अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल’ हा पहिला कवितासंग्रह त्या खोल्यांतून आला. ‘ॲनी ॲलन’ या दुसऱ्या संग्रहाला १९५० चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. म्हणजे कादंबरी आली तेव्हा लेखिका अनोळखी होती असं म्हणायला जागा नाही. ३४ छोटी प्रकरणं, काही तर दोन पानांत आटोपणारी. सात वर्षांची मॉड मार्था ब्राउन अंगणातल्या पिवळ्या रानफुलांवर जीव लावते. मग आजी जाते, बहीण हेलन गोरटेली म्हणून घरातली लाडकी ठरते, आपल्यापेक्षा उजळ रंगाच्या पॉलशी लग्न होतं, बिऱ्हाड थाटलं जातं, मुलगी होते, युद्ध संपून भाऊ परत येतो आणि नायिकेला पुन्हा दिवस गेलेले असतात. खून नाही, खटला नाही, पळून जाणं नाही. कथानक म्हणून सांगायला घेतलं तर पोस्टकार्डावर मावेल.

आता ती खोली. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९३० मध्ये ते २ लाख ३४ हजारांच्या घरात गेले आणि १९५० मध्ये ४ लाख ९२ हजारांवर. मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा या राज्यांतली कापसाची शेतं, सावकारी आणि झुंडीने केलेल्या हत्या मागे टाकून ही माणसं आगगाडीने उत्तरेला येत होती. माणसं वाढली, पण वस्तीची हद्द त्या मानाने सरकू दिली गेली नाही. शिकागोच्या जमीन-घर दलालांच्या मंडळाने १९२७ च्या सुमारास एका कराराचा नमुनाच तयार करून दिला: या भागातलं घर कृष्णवर्णीयांना विकणार नाही, भाड्याने देणार नाही, असं गोऱ्या घरमालकांनी एकमेकांना लिहून द्यायचं. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे करार न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. तोवर दोन दशकं उलटली होती. मागणी बेसुमार आणि जागा बांधलेली, यातून घरमालकांना सोन्याची खाण सापडली. गोऱ्या सुखवस्तू कुटुंबांनी सोडलेली सहा-सात खोल्यांची घरं आडोसे घालून तोडायची, प्रत्येक खोलीत एक शेगडी आणि बर्फाची पेटी टेकवायची आणि एकेका कुटुंबाला एकेक खोली द्यायची. याला किचनेट म्हणत. आपली चाळ निदान एकेका बिऱ्हाडाचा हिशेब धरून बांधलेली असते. किचनेट म्हणजे एकाच कुटुंबासाठी बांधलेल्या ऐसपैस घराचे पाडलेले वाटे. नळ, संडास, न्हाणीघर मूळच्या एका कुटुंबापुरतंच राही. रिचर्ड राइट यांनी १९४१ च्या ‘ट्वेल्व्ह मिलियन ब्लॅक व्हॉइसेस’ या पुस्तकात हिशेब मांडला आहे: गोऱ्यांना महिना ५० डॉलरने दिलं जाणारं सात खोल्यांचं घर किचनेट करून आठवड्याला ४२ डॉलर मिळवून देई. महिन्याचा आकडा काढला तर साडेतीन पटींहून जास्त होतो. लोभाचा रंग एकच नव्हता, हेही सांगून टाकायला हवं. कार्ल हॅन्सबेरी हे कृष्णवर्णीय व्यावसायिक किचनेटच्या धंद्यातच गबर झाले, आणि गोऱ्या वस्तीत घर घेऊन त्या निर्बंध-कराराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलेही तेच.

या खोल्यांविषयी लिहिलेलं मात्र ढीगभर आहे, आणि माझ्या मुद्द्याला पहिली अडचण इथेच येते. सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन यांचा ‘ब्लॅक मेट्रोपोलिस’ हा आठशेच्या आसपास पानांचा समाजशास्त्रीय ग्रंथ १९४५ साली आला. त्यात भाडी, मृत्युदर, चर्चची संख्या, जुगाराचे अड्डे, सगळं आहे. राइट यांच्या १९४० च्या ‘नेटिव्ह सन’ या कादंबरीची सुरुवातच किचनेटमध्ये होते: पहाटेचं गजराचं घड्याळ, एका खोलीत चार माणसं, आणि थोरला मुलगा बिगर तव्याने उंदीर ठेचून मारतो. मग त्याच वस्तीवरच्या आणखी एका छोट्या, हळुवार पुस्तकाची इतिहासाला गरज काय? उत्तर ‘मॉड मार्था’मधल्या उंदराजवळ आहे. तिच्याही घरात उंदीर आहे. बरेच दिवस हुलकावण्या देऊन तो शेवटी सापळ्यात अडकतो. ती त्याच्याकडे बघते आणि तिच्या मनात त्याच्या संसाराचे विचार येऊ लागतात: पोरं वाट बघत असतील, घरची कामं अर्धवट राहिली असतील. ती सापळा उघडते. प्रसंग एवढाच. पण राइटच्या खोलीत उंदराने माणसाच्या जगण्यावर शिक्का मारलेला आहे. ब्रुक्सच्या खोलीत एका बाईला सापळा उघडायचा की नाही हे ठरवता येतं, आणि जिथे तिला दुसरं काहीच ठरवता येत नाही अशा जागी हा निर्णय तिला दिवसभर पुरतो. दोन्ही गोष्टी त्या काळात खऱ्या होत्या. राइटची खोली आपल्याला दलालांच्या करारांतून आणि भाड्याच्या आकड्यांतूनही दिसू शकते. ब्रुक्सची खोली दुसऱ्या कुठूनच दिसत नाही. यात राइटना कमी लेखण्याचं कारण नाही. हार्परने ब्रुक्सचा पहिला कवितासंग्रह त्यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवला, तेव्हा क्षुल्लक वाटणाऱ्या आयुष्यांतल्या वेदना ही कवयित्री नेमक्या टिपते, असं त्यांनीच प्रकाशकाला कळवलं होतं.

काव्यात्मतेचा मुद्दाही इथूनच बघायला हवा. दोन-दोन पानांची प्रकरणं, मध्येच थांबणारी वाक्यं, सांगता न केलेले प्रसंग हे सारं कवयित्रीच्या हातून गद्य लिहिताना घडलेलं लाघव, असं समीक्षक मानतात. ते असेलही. पण जरा जवळून वाचलं की वाटतं, हा आकार त्या खोलीचाच आहे. जिथे स्वयंपाक, झोप, पाहुणे, भांडण आणि बाळंतपण एकाच चौकोनात उरकायचं, तिथे कुठलाही विचार लांबवर जाऊ शकत नाही. कुणीतरी दार ठोठावतं, कुणीतरी न्हाणीघर मोकळं करतं, काहीतरी करपतं. नव्या बिऱ्हाडाच्या प्रकरणात मॉड मार्थाला घरमालकाचं जुनं फर्निचर हलवून आपल्या हौशीचं आणायचं असतं. परवानगी मिळत नाही. मग झुरळं दिसायला लागतात. मग हळूहळू तिला सगळ्या इमारतीचा रंग करडा वाटू लागतो, आणि पुढे वास आणि आवाजही त्याच रंगाचे वाटू लागतात: भिंतीपलीकडचं खोकणं, पाण्याची आदळआपट, शिळ्या अन्नाची आणि शेजारच्या झोपेची वाफ. वासाला रंग देणं ही कवीची करामत आहे, कबूल. पण अर्ध्या इंचाच्या आडोशामागे सात कुटुंबं राहतात तेव्हा वास, आवाज आणि रंग एकमेकांत मिसळणं ही वस्तुस्थितीही आहे. इथे अलंकार आणि पुरावा वेगळे काढता येत नाहीत, आणि काढायचे कशाला?

इमारतीतल्या शेजाऱ्यांवरचं एक प्रकरण तर जवळजवळ खानेसुमारीच आहे. एकेका दारापाशी थांबत ब्रुक्स पुढे जातात. एक किराणा दुकानदार आणि त्याची नटवी, कामचुकार बायको; तो तिच्यावर बेहद्द खूष. वर्षानुवर्षं एकमेकांवर लट्टू असलेलं एक जोडपं, ज्यांच्याकडे बघून मॉड मार्थाच्या पोटात कालवतं. आणि क्लेमेंट नावाचा लहान मुलगा, ज्याची आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जाते. तो शाळेतून येऊन आपलं आपण घर उघडतो, आपलं आपण खातो आणि संध्याकाळी तिच्या पायऱ्यांवरच्या पावलांची वाट बघतो. समाजशास्त्रज्ञाच्या रकान्यात हा मुलगा ‘आई नोकरीला, वडील नाहीत’ असा भरला जाईल. रकाना चुकीचा नाही. पण किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे रकान्यात लिहायची सोय नसते.

यावर इतिहासाच्या बाजूने येणारा आक्षेप सरळ आहे: ही कादंबरी आहे, कागदपत्र नाही, एका हुशार, वाचणाऱ्या, स्वतःचं घर असलेल्या बापाच्या पोटी जन्मलेल्या बाईची कल्पना सगळ्या ब्रॉन्झव्हिलच्या वतीने साक्षीला कशी उभी करायची? आक्षेपाचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर कादंबरीतच आहे. आठव्या प्रकरणात आई आणि दोघी मुली ओसरीवर झुलत्या खुर्च्यांत बसलेल्या आहेत. वडील दुपारच्या सुट्टीत गृहकर्जाच्या सरकारी कचेरीत गेले आहेत. मुदत वाढवून मिळाली नाही तर घर जाणार. तिघी एकमेकींना समजावत राहतात की फ्लॅटमध्ये राहणंही तसं वाईट नाही, कुंडीतलं झाड आणि आवारातलं पॉपलर यांच्याकडे मात्र शेवटचं बघून घेतात. वडील येतात, एक शब्द न बोलता आत जातात, आई मागोमाग जाते. मुदत मिळालेली असते. हेलन लगेच मेजवानी ठरवते. आपण घरमालक आहोत हे मैत्रिणींना सहज दिसायला हवं, एवढाच तिचा हेतू. या छोट्या प्रसंगामागची कचेरी खरी होती. महामंदीत बुडीत जाणारी घरं वाचवण्यासाठी १९३३ साली ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने सुमारे दहा लाख घरांची कर्जं स्वतःकडे घेतली. तिनेच पुढे शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा भाग भरवशाचा, लाल भाग धोक्याचा. शिकागोच्या नकाशावर कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ सगळी लाल. ज्या संस्थेने आजची रात्र वाचवली तिनेच त्या गल्लीच्या उद्याची किंमत पाडली. इतिहासकार आज वाद घालतात की नुकसान प्रत्यक्षात या नकाशांनी किती केलं आणि इतर सरकारी धोरणांनी किती. ब्राउन कुटुंबाच्या ओसरीवर हा वाद पोचलेला नाही. तिथे फक्त बापाच्या चालण्यावरून निकाल ओळखायची धडपड आहे, आणि घर असूनही ते आपलं नाही याची जाणीव. लग्न झाल्यावर मॉड मार्था ओसरीवरून उतरून किचनेटमध्ये येते. आधी तिने आणि पॉलने नेटक्या फ्लॅटची स्वप्नं रंगवलेली असतात. मग पायरी पायरीने अपेक्षा खाली येतात. मध्यमवर्ग आणि किचनेट यांत अंतर एका पिढीचं, कधी एका हप्त्याचं होतं, हे दाखवायला दोन्ही घरं पाहिलेली साक्षीदारच लागते.

राहिला आक्षेपाचा पहिला भाग. कादंबरी हा पुरावा नाही हे घटनांच्या बाबतीत मान्य. अमुक तारखेला अमुक इमारतीत काय झालं, हे मी ‘मॉड मार्था’तून काढणार नाही. पण वस्तीच्या इतिहासात घटनांपेक्षा सवयींचा भाग मोठा असतो: लोक काय गिळून गप्प बसत, कशासाठी खोटं बोलत, कुठे जायला कचरत. केशकर्तनालयाचं प्रकरण घ्या. एक गोरी विक्रेती लिपस्टिक खपवायला येते आणि बोलण्याच्या ओघात, कसलाही हेतू नसल्यासारखी, कृष्णवर्णीयांना उद्देशून वापरला जाणारा तो घाणेरडा शब्द टाकून जाते. दुकानाची कृष्णवर्णीय मालकीण सोनिया तिला काही म्हणत नाही, उलट माल घेते. मॉड मार्था आधी ठरवते की आपण चुकीचं ऐकलं. तसं खरंच म्हटलं गेलं असतं तर सोनिया गप्प बसली नसती. विक्रेती गेल्यावर सोनियाच कबूल करते की तसं म्हटलं गेलं, आणि एवढ्या तेवढ्याला मनाला लावून घेण्यात अर्थ नाही, असं तत्त्वज्ञान सांगते. मॉड मार्था तिच्याकडे नुसती बघत राहते. या व्यवहाराची पावती फाडली असती तर तिच्यावर लिपस्टिकची किंमत आली असती, बाकी काही नाही. असंच शहराच्या मध्यभागातल्या वर्ल्ड प्लेहाऊस चित्रपटगृहात: सिनेमा मॉड मार्था आणि पॉल दोघांनाही मनापासून आवडतो, पण बाहेर पडताना सगळ्या गोऱ्या गर्दीत आपण दोघंच आहोत हे ध्यानात घेऊन ती नजरा चुकवत निघतात. तिथे त्यांना मज्जाव करणारा फलक नव्हता. फलकाशिवाय हद्द कशी राखली जाते, हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही.

१९५३ च्या परीक्षणकारांना हे दिसलं नाही, याचं एक कारण त्यांच्या हातातलं माप. राल्फ एलिसन यांची ‘इनव्हिजिबल मॅन’ १९५२ मध्ये आली होती आणि १९५३ च्या सुरुवातीला तिला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. सॉल बेलो आणि आयर्विंग हाउ यांच्यासारख्यांनी तिच्यावर गंभीरपणे लिहिलं. राइट आणि एलिसन यांच्यामुळे कृष्णवर्णीय कादंबरी म्हणजे काय याची एक कल्पना पक्की झाली होती: तळघर, पाठलाग, हिंसा, देशाला प्रश्न विचारणारा पुरुष. त्या मापाने मोजलं तर स्वयंपाकघरात कोंबडी साफ करणारी बाई मोजमापातच येत नव्हती. परीक्षणं आली ती आटोपशीर आणि मायाळू. मोहक, नाजूक, असे शब्द पुस्तकाच्या डोक्यावर हात फिरवून गेले. पुढे १९६७ साली फिस्क विद्यापीठातल्या लेखक-संमेलनानंतर ब्रुक्स स्वतःच बदलल्या. तरुण कृष्णवर्णीय कवींच्या चळवळीत उतरल्या, हार्पर सोडून डेट्रॉइटच्या ब्रॉडसाइड प्रेसकडे आणि पुढे शिकागोच्या थर्ड वर्ल्ड प्रेसकडे गेल्या. परिणाम असा झाला की विद्रोही ब्रुक्स वाचणाऱ्यांनी त्यांच्या १९६७ पूर्वीच्या लेखनाला तयारीचा काळ ठरवून टाकलं. आधी गोऱ्या समीक्षकांनी या कादंबरीला पुरेशी आक्रमक नाही म्हणून बाजूला सारलं, मग चळवळीच्या वाचकांनीही त्याच कारणासाठी.

मराठी वाचकाला यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच मुळी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले होते आणि तिथल्या कृष्णवर्णीय लेखकांचा दाखला ते दलित लेखकांपुढे ठेवत होते. जनार्दन वाघमारे यांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ १९७८ सालचं. कृष्णवर्णीय साहित्य आपल्याकडे आलं ते मुख्यतः विद्रोहाच्या वाटेने, आणि त्या घडीला तेच हवं होतं. मात्र त्या वाटेने येताना घरातली लढाई मागे राहते. ती आपल्याकडे पुढे बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’सारख्या आत्मकथनांनी लिहिली, मॉड मार्थाचं नावही न घेता.

१९८० नंतर वारं फिरलं ते कृष्णवर्णीय स्त्री-समीक्षकांमुळे. बार्बरा ख्रिश्चन यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कादंबरीचा वंशवृक्ष काढताना ‘मॉड मार्था’ला मधली महत्त्वाची फांदी मानलं. १९८३ साली मेरी हेलन वॉशिंग्टन यांनी नेमकं उलटं वाचन मांडलं: हे पुस्तक गोड नाही, रागाने भरलेलं आहे, नायिकेला राग व्यक्त करायची मुभा नाही म्हणून वाक्यं अर्धवट तुटतात, प्रकरणं ऐन वेळी संपतात. पुराव्यांची त्यांच्याकडे वाण नव्हती. दुकानातला सांताक्लॉज इतर पोरांना मांडीवर घेऊन लाड करतो आणि मॉड मार्थाच्या मुलीकडे, छोट्या पॉलेटकडे, मात्र बघून न बघितल्यासारखं करतो. मॉड मार्था मुलीला समजावते की नाही, तो तुझ्यावरही तेवढंच प्रेम करतो. तिच्या आत साचलेल्या द्वेषाच्या चिंध्यांचं काय करायचं, हे तिला कळत नाही. बर्न्स-कूपर यांच्या घरी एक दिवस मोलकरणीचं काम केल्यावर, सासू-सून दोघी तिच्या बटाटे सोलण्यावर नजर रोखून उभ्या राहतात, तेव्हा ती मनाशी ठरवते की उद्या यायचं नाही. मालकिणीला का ते कधीच कळणार नाही. वॉशिंग्टन यांच्या लेखाने या पुस्तकाला दात परत दिले. त्याचे उपकार मोठे आहेत.

तरी ते वाचनही मला पुरं पडत नाही. राग हीच किल्ली मानली की जे प्रसंग रागाचे नाहीत ते भूसा ठरतात: रानफुलं, उंदीर, कोंबडी. कोंबडीचं प्रकरण युद्धाच्या टंचाईतलं आहे. ती साफ करताना मॉड मार्थाला किळस येते. आतडी ओढून काढताना हात थांबतो, आणि मनात येतं की ही कोंबडी आपल्या ओळखीची असती, तिचा स्वभाव आपल्याला ठाऊक असता, तर आपण असं केलं असतं का? माणसं माणसांना मारतात ती ओळख नसल्यामुळे, असा विचार एका स्वयंपाकघरात युद्धाच्या मधोमध येतो. मग कोंबडी भट्टीत जाते, खरपूस होते, जेवणं होतात. यात दाबलेला राग शोधला तर सापडेल. मला त्यापेक्षा दिसतो तो एक सराव: समोरच्याला, मग तो मेलेला पक्षी का असेना, पूर्ण आयुष्य देऊन पाहण्याचा. शेवटच्या प्रकरणात भाऊ हॅरी युद्धावरून परततो, वर्तमानपत्रात जॉर्जिया-मिसिसिपीतल्या झुंडीच्या हत्यांच्या बातम्या असतात, आणि बाहेर ऊन पडलेलं असतं. ब्रुक्स दोन्ही गोष्टी एकाच सकाळीत ठेवतात. एकीने दुसरी झाकायचा प्रयत्न करत नाहीत. दारिद्र्य सुंदर करून दाखवल्याचा आरोप या पुस्तकावर करणाऱ्यांनी हे प्रकरण आणि करड्या इमारतीचं प्रकरण पाठोपाठ वाचावं.

आणि ‘पुन्हा गवसलेली’ हे तर अर्धसत्यच आहे. १९७१ साली हार्परनेच काढलेल्या ब्रुक्स यांच्या संकलित ग्रंथात ही कादंबरी समाविष्ट होती. १९८७ मध्ये ब्रुक्स यांनी स्वतःच्या प्रकाशनातर्फे ‘ब्लॅक्स’ हा संग्रह काढला, त्यातही ती पूर्ण आहे. १९९३ मध्ये थर्ड वर्ल्ड प्रेसने ती स्वतंत्र छापली. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, कादंबरीलेखिका पॉल मार्शल यांनी कृष्णवर्णीय स्त्रीचं इतकं चांगलं चित्रण आजवर झालं नाही असं सांगून आपल्यावरचं तिचं ऋण मान्य केलं होतं. वाचणाऱ्या बायका वाचत होत्या. हरवलं होतं ते मोठ्या प्रकाशनसंस्थांचं लक्ष. २०२२ मध्ये लंडनच्या फेबरने ती काढली तेव्हा ‘विसरलेली श्रेष्ठ कृती’ असा गजर झाला. कुणी विसरलेली, हे विचारायचं राहून गेलं.

खरोखर हरवलं ते ब्रॉन्झव्हिल. कादंबरी छापून आली त्या सुमारासच नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली दक्षिण भागातल्या इमारती पाडल्या जात होत्या. १८९२ साली बांधलेली मेक्का ही प्रचंड निवासी इमारत तिच्या भाडेकरूंनी वर्षानुवर्षं झगडूनही १९५२ मध्ये जमीनदोस्त झाली. तिथे आज मीस व्हान डेर रोह यांनी घडवलेलं काचेचं क्राउन हॉल आहे आणि वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघायला जगभरातून येतात. ब्रुक्स यांनी तरुणपणी मेक्कात काही महिने नोकरी केली होती. १९६८ च्या ‘इन द मेक्का’ या दीर्घ कवितेत त्या पुन्हा तिथे गेल्या. किचनेटमधून सुटून जाणाऱ्या कुटुंबाची गोष्ट कार्ल हॅन्सबेरींच्या मुलीने, लोरेन हॅन्सबेरी यांनी, १९५९ च्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकात सांगितली आणि ब्रॉडवेने ती डोक्यावर घेतली. सुटून जाणं रंगमंचावर दिसतं. राहणं दिसत नाही, आणि बहुसंख्य लोक राहिले होते. त्यांच्या इमारतींचे विक्रीचे दस्त, लाल रंगवलेले नकाशे आणि न्यायालयाचे निकाल अभिलेखागारात जपून ठेवले आहेत; तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने फर्निचर बदलू द्या म्हणून केलेली विनंती आणि तिला मिळालेला नकार यांची फाईल कुणी उघडली नव्हती. ‘मॉड मार्था’ची पुढची आवृत्ती जो कुणी काढेल त्याने पहिली चार पानं नामवंतांच्या स्तुतीला देण्याऐवजी शिकागोच्या दक्षिण भागाचा १९४० चा नकाशा छापावा, आणि त्याखाली राइट यांचा भाड्याचा हिशेब.